कोणता शब्द खोडायचा? एका एटीआर वैमानिकाच्या थकलेल्या पगाराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते टॉवेलच्या जीएसटी रिटर्नमधून. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अठरा मागांचा कारखाना असलेले एक पक्षकार वीस वर्षं माझ्याकडे येतात. जुलैत ते आले, कागद टेबलावर ठेवले, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "साहेब, पोराचा पगार अठरा दिवस लेट झाला बघा. विमान कंपनीत असं होतं का ओ?"

मी म्हणालो, होतं अधूनमधून, थांबा थोडं.

हा सल्ला चुकीचा होता. पंचवीस वर्षं सीएची प्रॅक्टिस करून मी तो दिला, म्हणून आधीच कबूल करून टाकतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, महिने थोडे हलवलेत, रकमा गोळाबेरीज करून दिल्यात. बाकी जसं घडलं तसं.

पोरगा आणि कर्ज

मुलगा २९ वर्षांचा. एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर ७२-६०० या छोट्या प्रवासी विमानावर को-पायलट, कागदावर 'फर्स्ट ऑफिसर'. बेस हैदराबाद. नोकरीला चार वर्षं दोन महिने झालेले, लॉगबुकात १३४० तास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण कॅप्टन व्हायला जे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स लागतं त्याला १५०० तास हवेत. म्हणजे १६० तास कमी. चांगल्या हंगामात अडीच महिन्यांचं काम.

कमर्शियल लायसन्सचे २०० तास आणि वर एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची परवानगी, यासाठी घराने ६० लाखांचं कर्ज काढलेलं. दहा वर्षं, साडेदहा टक्के, हप्ता सुमारे ८१ हजार. तारण म्हणून कारखान्याचा शेड आणि राहतं घर. पूर्ण उड्डाण असताना पगार दीड लाखाच्या आसपास, पण त्यातले ठरलेले ९० हजारच. बाकीचे तासांवर, विमान उडलं तर. वरचे साठ हजार जातील तेव्हा हातात हप्ता भरून नऊ हजार उरतील, हे गणित घरात कुणी मांडलं नव्हतं. मीही नाही.

सोलापूरकरांना विमानाची गोष्ट नवी नाही. होटगी रोडच्या धावपट्टीआड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडावी की नाही यावर या गावाने वर्षानुवर्षं वाद घातला, मोर्चे काढले. १५ जून २०२३ ला ती पडली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला गोव्याहून पहिलं एटीआर उतरलं. चिमणी पडली त्या दिवशी या मुलाच्या गल्लीत पेढे वाटले होते. "आता तूच आणून उतरव इथं," असं जो तो म्हणायचा. मार्ग सुरू झाला की पायलटची नोकरी पक्की, असा सगळ्यांचा साधा हिशोब.

पण मार्ग सुरू होणं आणि मार्ग टिकणं यात फार अंतर आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०२३ मध्ये उडान योजनेचा, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेचा, हिशोब तपासला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले होते, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पुरी करणारे ११२. आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू असलेले फक्त ५४. सरकार तिकिटामागचा तोटा भरून देतं ते तीन वर्षं. चौथ्या वर्षी विमानाचं भाडं डॉलरमध्ये, इंधन बाजारभावाने आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. प्रादेशिक कंपनीत नोकरी घेणारा वैमानिक खरं तर या तीन वर्षांच्या घड्याळावर नोकरी घेत असतो. नेमणूकपत्रात मात्र हे घड्याळ कुठे दिसत नाही.

ताप आधी पासबुकात दिसतो

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलगा स्वतः आला. जुलैचा पगार अर्धाच पडला होता. त्याने रोस्टर दाखवलं: मार्चमध्ये ७० तास, एप्रिलमध्ये ५२, मेमध्ये ४१, जुलैमध्ये २२. एक विमान सुट्या भागासाठी उभं होतं, एक भाड्याने देणाऱ्या कंपनीने परत नेलं होतं. "काका, सगळे म्हणतायत नवीन इन्व्हेस्टर येतोय."

मी त्याला ईपीएफओचं, म्हणजे पीएफचं, पासबुक उघडायला सांगितलं. मोबाइलवर ओटीपी आला, पान उघडलं. शेवटची नोंद मार्चची. एप्रिल, मे, जून कोरे.

दोघंही काही क्षण गप्प बसलो. पगारातून पीएफ कापला तर तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पगार उशिरा देणारी कंपनी अडचणीत असू शकते. कापलेला पीएफ न भरणारी कंपनी दुसऱ्याच्या पैशांवर दिवस काढत असते. नंतर आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा फॉर्म २६एएस काढला, तिथेही तेच. एप्रिलपासूनचा टीडीएस पगाराच्या स्लिपवर कापलेला, सरकारकडे जमा नाही. अठरा दिवसांच्या उशिराबद्दल बाप विचारायला आला तेव्हाच मी ही दोन पानं उघडली असती तर एक महिना वाचला असता.

त्या एका महिन्याची किंमत सांगतो. ऑगस्टच्या सुरुवातीलाच दुसऱ्या एका एटीआर चालवणाऱ्या कंपनीकडून मुलाला बोलावणं आलं होतं. अट एकच: सध्याच्या कंपनीचं ना-हरकत प्रमाणपत्र, किंवा नोटीस दिल्याचा पुरावा आणि सुटकेची तारीख, तीन आठवड्यांत. त्याने कंपनीकडे विचारणा केली. उत्तर आलं, नियमाप्रमाणे सहा महिन्यांची नोटीस द्या.

नियम खराच आहे. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नोकरी सोडणाऱ्या कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली. कारण दिलं प्रवाशांच्या हिताचं: पायलट अचानक गेले तर उड्डाणं रद्द होतात. कारण खोटं नाही. पण कंपनीने बंद पडण्याआधी पायलटला किती महिन्यांची नोटीस द्यावी, याचं असं वर्षाचं बंधन कुठे दिसत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबली. एका बाजूला वर्ष, दुसऱ्या बाजूला रात्र. त्याच नियमात असंही आहे की नोटिशीच्या काळात कंपनीने वैमानिकाचे कायदेशीर हक्क हिरावून घेऊ नयेत, आणि पगार हा पहिला हक्क. हे वाक्य आम्ही आमच्या पत्रात ठळक करून घातलं. पत्राला उत्तर आलं नाही. बोलावणाऱ्या कंपनीने तीन आठवड्यांनी दुसऱ्याला घेतलं. सप्टेंबरमध्ये आमच्या मुलाच्या कंपनीची उड्डाणं थांबली आणि चाळीसेक एटीआर पायलट एकाच दिवशी बाजारात आले.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजत नाही. देशात पायलट कमी आहेत असं पेपरात येतं. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर पायलट पुरेना म्हणून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मग हा पोरगा घरी का बसेल? कारण पायलट हा एक सुटा माल नाही. एटीआरचं रेटिंग असलेला एअरबस चालवू शकत नाही, त्यासाठी पुन्हा लाखो रुपयांचं रेटिंग. एटीआर चालवणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर. आणि चणचण बहुतेक वेळा कॅप्टनची असते. १३४० तासांचा को-पायलट म्हणजे आमच्याकडच्या भाषेत अर्धवट विणलेला टॉवेल. सूत चांगलं, पण विकायला ठेवता येत नाही.

आम्ही काय केलं, काय राहिलं

ऑगस्टमध्ये एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. मुलाला हैदराबादला परत पाठवलं आणि सांगितलं, ऑफिस उघडं आहे तोवर लॉगबुक ऑपरेशन्स विभागाकडून साक्षांकित करून आण. ट्रेनिंगच्या फाइलच्या प्रती, शेवटच्या प्रवीणता चाचणीचा अहवाल आण. कंपनीच्या मेलवर आलेल्या चार वर्षांच्या पगाराच्या स्लिपा पेन ड्राइव्हवर उतरव. त्याला ते अपमानास्पद वाटलं. सहकारी अजून इन्व्हेस्टरची वाट पाहत होते, आणि हा शिक्के मारून घेत फिरतोय. पण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीचे मेल बंद झाले. त्याच्या बरोबरीच्या दोघांचे शेवटचे काही महिन्यांचे तास आजही साक्षांकित नाहीत. उडाले, पण मोजले जात नाहीत.

नंतरची घाई लायसन्सची. शेवटचं लँडिंग ६ सप्टेंबरला. गेल्या नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, म्हणजे ५ डिसेंबरला तो हक्क गेला. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडण्याच्या परवानगीची, वार्षिक चाचणी जानेवारीत, वर्ग एकचं मेडिकल फेब्रुवारीत. नोकरीत असताना हे सगळं कंपनी करते. घरी बसल्यावर सिम्युलेटरचा तास स्वतःच्या खिशातून. आम्ही ठरवलं की मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवायचं, लँडिंगचं पुढे बघू. हा निर्णय बरोबर ठरला असं आज वाटतं. तेव्हा मात्र घरात भांडण झालं, कारण त्याच महिन्यात बँकेचा हप्ता होता.

बँकेचं थोडक्यात सांगतो. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत. मॅनेजर भला माणूस, पण स्पष्ट बोलला: पुनर्रचना केली तरी खात्याला डाग लागणार, आणि तो डाग वडिलांच्या कारखान्याच्या कॅश क्रेडिटवरही दिसणार. म्हणून हप्ता चुकवायचा नाही असं ठरलं. वडिलांनी चार जुने माग काढले. मी त्या दिवशी सहज गेलो होतो. भंगारवाल्याने मागांचे भाग सुटे केले, वजनकाट्यावर चढवले आणि किलोवर भाव सांगितला. ज्या मागावर मुलाच्या पहिल्या सोलो उड्डाणाच्या आठवड्यात तीन पाळ्या चालल्या होत्या तोही त्यात होता. चार मागांत जेमतेम दीड हप्ता बसला.

मधेच कुणीतरी 'लॉस ऑफ लायसन्स' विमा आहे ना, असं सुचवलं. तो विमा वैमानिक वैद्यकीय कारणाने अपात्र ठरला तर मिळतो, नोकरी गेली तर नाही. शिवाय तो कंपनीच्या गटविम्यातला, कंपनीबरोबरच संपलेला.

बाँडची भीती सगळ्यात मोठी होती. टाइप रेटिंगच्या वेळी कंपनीने पाच वर्षांचा बाँड लिहून घेतला होता आणि दोन सह्या केलेले कोरे चेक. मुलगा राजीनामा द्यायला का कचरत होता ते मला ऑक्टोबरमध्ये कळलं, तोवर त्याने चेकचं सांगितलंच नव्हतं. बाँड सरसकट बेकायदा असतो असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण तिथे बँक पगार देत होती आणि कर्मचारी निघून गेला होता. इथे करार आधी मोडला तो कंपनीने. आम्ही वकिलामार्फत तारीखवार पत्र पाठवलं: अमुक महिन्यापासून वेतन नाही, अमुक तारखेपासून काम नाही, त्यामुळे बाँडची रक्कम देय नाही, चेक परत करा. चेक परत आले नाहीत, पण बँकेतही कुणी भरले नाहीत.

खोडायचा शब्द

नोव्हेंबरच्या अखेरीस एका पुरवठादाराच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. कर्मचारी स्वतःही असा अर्ज करू शकतात, पण मार्च २०२० पासून त्यासाठी किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटीवर नेली आहे. एकट्या को-पायलटचा पगार एक कोटी थकायला किती वर्षं लागतील, हिशोब करा. सगळ्यांनी एकत्र यावं तर चाळीस पायलट सात शहरांत पांगलेले आणि प्रत्येकाला भीती की पुढच्या कंपनीला कळेल.

वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली. दाव्यासाठी आपल्यासारख्यांचा फॉर्म म्हणजे 'फॉर्म डी', कामगार किंवा कर्मचाऱ्यांसाठी. मी तो त्यांच्या घरी घेऊन गेलो, रविवारी सकाळी. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असा नाश्ता झाला. आप्पा, म्हणजे मुलाचे आजोबा, पलंगावर बसलेले. वय ८४, एका कापड गिरणीत ३४ वर्षं काढलेली.

फॉर्मच्या पहिल्याच ओळीत दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, मधे तिरपी रेघ: कामगार / कर्मचारी. लागू नसेल तो खोडायचा. मी 'कर्मचारी' खोडायला पेन टेकवलं आणि वडील म्हणाले, "अहो साहेब, काय करताय? पोरगं पायलट हाय. कामगार कसा?"

मुलगाही खाली बघत होता. त्याला ते नको होतं हे दिसत होतं.

यात नुसत्या मानाचा प्रश्न नाही, हे मी त्यांना समजावलं. नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ चं कलम ५३ सांगतं की कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी, तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने. त्यानंतर, एक पायरी खाली, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी. म्हणजे त्या तिरप्या रेघेच्या अलीकडे उभं राहायचं की पलीकडे, यावर रांगेतली जागा ठरते.

आणि कामगार कोण हे पगारावर ठरत नाही. औद्योगिक विवाद कायद्याची व्याख्या कुशल, तांत्रिक काम करणाऱ्यालाही कामगारच म्हणते. व्यवस्थापन करणारा वगळते, आणि देखरेख करणाऱ्याला १० हजारांपुढे पगार असेल तर वगळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आणि तो आकडा १८ हजार झाला, पण मूळ कसोटी कामाची. को-पायलट कुणाची रजा मंजूर करतो? कुणाला नेमतो, कुणाला काढतो? उजव्या खुर्चीत बसून यंत्र चालवतो. दिल्ली उच्च न्यायालयानेही एका खासगी विमान कंपनीच्या वैमानिकांच्या प्रकरणात ते कामगार ठरतात असं म्हटलं आहे.

हे सगळं बोलून झालं तरी वडील गप्पच. मग आप्पा बोलले. "मी चौतीस वर्षं कामगार होतो की. बिल्ला नंबर अजून पाठ हाय मला. भोंगा बंद झाला त्या दिवशी साहेब लोक घरी गेले, त्यांना काय मिळालं ते कुणी विचारलं पण नाही. आम्ही कामगार होतो म्हणून रांगेत तरी होतो." थोडं थांबून नातवाकडे बघून म्हणाले, "आन् तू तरी काय रे, बदलीवालाच की. काम आलं तर पगार, नाही तर घरी."

गिरणीत बदली कामगार रोज दारावर येऊन उभा राहायचा, कुणी गैरहजर असेल तर त्याची पाळी. उडालेल्या तासांवर पगाराचा जो हिस्सा ठरतो त्याचं इतकं नेमकं वर्णन मी एकाही एचआर मॅनेजरच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मुलाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'कर्मचारी' स्वतः खोडलं.

रिकामं गोदाम

दावा असा मांडला: जुलैचा राहिलेला अर्धा पगार ६० हजार, ऑगस्टचा १ लाख १० हजार, सप्टेंबर ते नोव्हेंबर ठरलेल्या वेतनाप्रमाणे २ लाख ७० हजार, आधीचा थकलेला उड्डाण भत्ता ४८ हजार. शिवाय एक महिन्याचं नोटीस वेतन ९० हजार आणि कामावरून कमी केल्याची भरपाई, वर्षाला १५ दिवसांप्रमाणे चार वर्षांची १ लाख ८० हजार. एकूण ७ लाख ५८ हजार. ग्रॅच्युइटीचा रकाना कोरा, पाच वर्षं पुरी नाहीत म्हणून. पीएफ वेगळा मांडला, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी त्या रांगेतच येत नाही. जेट एअरवेजच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी हा अपील न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला.

फेब्रुवारीत रिझोल्युशन प्रोफेशनलचा, म्हणजे दिवाळखोरी प्रक्रिया चालवणाऱ्या आणि दावे तपासणाऱ्या माणसाचा, मेल आला. ४ लाख ८८ हजार मान्य, कामगार म्हणून. बाकीचे अमान्य, कारण कंपनीने त्याला कमी केल्याचं पत्रच नाही. काढलं नाही, पगारही दिला नाही. अशा माणसाला भरपाई कशाची द्यायची, हा त्यांचा मुद्दा कायद्यात बसतो आणि माणसाच्या डोक्यात बसत नाही.

पण खरी अडचण वेगळीच, आणि ती मला फॉर्म भरताना पुरती दिसली नव्हती. आप्पांच्या गिरणीकडे जमीन होती, इमारती होत्या, यंत्रं होती. उशिरा का होईना, विकायला काहीतरी होतं. इथे विमानं भाड्याची, इंजिनं भाड्याची, ऑफिस भाड्याचं. रांगेत वरचा नंबर मिळाला, पण रांग लागली आहे ती रिकाम्या गोदामासमोर. गो फर्स्टमध्येही विमानं भाड्याचीच होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला त्यातल्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, विमानं मालकांकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. त्याच वर्षी संसदेने विमानांच्या मालकांचे हक्क बळकट करणारा स्वतंत्र कायदा केला. भाड्याने विमान देणारा धास्तावला तर भाडं वाढतं, म्हणून कायदा हवाच, हे मला पटतं. एवढंच की विमान जाताना पायलटच्या पगाराचं काय, हे विचारायला कुणीतरी लागतं.

गंमत म्हणजे त्याची सोय कागदावर आहे. विमानांवरच्या हक्कांबाबतचा जो केपटाऊन करार भारताने २००८ मध्ये स्वीकारला, त्यात भारताने घोषणाच करून ठेवली आहे: विमान कंपनीने भाडेकरार मोडल्याचं जाहीर झाल्यापासून पुढे कर्मचाऱ्यांचा जो पगार थकतो, त्याचा बोजा विमानावर, मालकाच्याही आधी. हे मला मार्चमध्ये समजलं. तोवर चारही विमानं देशाबाहेर गेली होती. या ओळीसाठी सप्टेंबरमध्ये कुणीतरी उच्च न्यायालयात जायला हवं होतं, चाळीस जणांनी मिळून. त्या वेळी ते सगळे नव्या इन्व्हेस्टरच्या व्हॉट्सअॅप मेसेजची वाट बघत होते आणि मी जीएसटीचं वार्षिक रिटर्न भरत होतो.

आयकराचाही एक काटा राहिला. पगार हा देय झाला की करपात्र, हातात पडो न पडो, हे त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याचं कलम १५. म्हणजे न मिळालेल्या पगारावरही उत्पन्न दाखवायचं. आणि एप्रिल ते जूनचा कापलेला पण न भरलेला टीडीएस संगणकाला दिसत नाही, म्हणून मुलाला विभागाकडून मागणीची नोटीस आली. कलम २०५ प्रमाणे पगारातून कापलेला कर पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाही. त्या पेन ड्राइव्हमधल्या स्लिपा आणि बँकेचा उतारा जोडून उत्तर दिलं. प्रकरण अजून 'प्रलंबित' दाखवतं.

अकराव्या महिन्यात मुलाला दुसऱ्या एटीआर कंपनीत नोकरी लागली. सिम्युलेटरवर पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा तीन वर्षांचा बाँड. सिनिऑरिटी रुजू झाल्या तारखेपासून, म्हणजे शून्यातून. कॅप्टनच्या खुर्चीची रांग त्याच तारखेवर चालते, त्यामुळे १६० तास लवकरच पुरे होतील, पण डाव्या खुर्चीला आणखी दोनेक वर्षं जातील असा त्याचा अंदाज. पगार आधीपेक्षा थोडा कमी. या वेळी बाँडवर सही करण्याआधी त्याने मला तो पाठवला. कोरे चेक द्यायला त्याने नकार दिला आणि कंपनीने मुकाट्याने ते ऐकलं. मागच्या वेळीही ऐकलं असतं कदाचित, विचारलंच नव्हतं.

४ लाख ८८ हजारांतला एक रुपयाही अजून आलेला नाही. कारखान्यात चौदा माग चालू आहेत.

वडील आता दर महिन्याच्या १६ तारखेला सकाळी मला फोन करतात. जीएसटीचं काही नसतं. "साहेब, पोराचं पासबुक बघितलं का ओ? पडला का पीएफ?"